देवराव मिस्त्रीच्या घरचं छत

नेर, १६ सप्टेंबर

देवराव मिस्त्री यांना, त्यांच्याच घरातून.

नाव घेतलं, आणि तेही उखाण्याशिवाय. तुम्ही समोर असता तर घेतलं नसतं. पण नवरा रुसून पांढरकवड्याला बहिणीकडे जाऊन बसला की बायकोची जीभ जरा सैल होते.

तुमचा फोन इथेच चार्जिंगला लावलेला आहे आणि चष्मा टीव्हीच्या बाजूला. इतक्या तावातावाने निघालात की दोन्ही राहिलं. म्हणजे हे पत्र नंदाबाईच वाचून दाखवणार. नंदाबाई, नमस्कार. गुडघा कसा आहे? तुमच्या फोनवर जेव्हा केव्हा फोन केला तेव्हा "दादा झोपला हाय" असंच तुम्ही सांगितलं. माणूस एवढा झोपत असेल तर एकदा डॉक्टरला दाखवा.

झालं काय ते आधी लिहिते. तुमच्या भावाने तिथे काय सांगितलं असेल याचा मला भरवसा नाही, नंदाबाई, म्हणून तुमच्यासाठीही लिहिते. आपल्या सुरभीला बघायला पुसदचे पाहुणे आले होते. मुलगा चांगला, बोलायला मोकळा. त्याचे मामा बैठकीत बरोबर पंख्याखाली बसले होते. हे त्यांना सांगत होते की नेरमधला कोणता दवाखाना, कोणती शाळा, कोणाचा बंगला यांच्या हातचा आहे. "चाळीस वर्षं झाले मामाजी, माह्या हातचा एक स्लॅब गळला नाही." एवढं म्हणायला आणि वरून प्लास्टरचा ढलपा सुटायला एकच गाठ पडली. ढलपा थेट मामांच्या पोह्यांत. मामांना लागलं नाही. त्यांनी सदऱ्यावरचे पोहे झटकले, वर पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "खरं हाय. गळत तं नाही."

मी हसले. लपवत नाही, पदर तोंडाला लावून हसले. मग सुरभी हसली, मुलगा हसला, शेवटी मामाही हसले. फक्त हे उठले. पायात चपला घातल्या, दारात उभे राहून म्हणाले, "या छताखाली मी आता पाय ठेवणार नाही," आणि तसेच बस स्टँडवर गेले. पाहुणे घरात असताना.

आता तुमच्यासाठी, मिस्त्री. पाहुण्यांचा होकार आला आहे. मामांनीच फोन केला. साक्षगंध दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न झालं की, आपल्याच घरी करायचं ठरलं. साक्षगंधाला मुलीचा बाप बैठकीत बसलेला लागतो, आणि आपल्या बैठकीला तेच छत आहे. तुम्ही शपथ घेऊन बसलात. तेव्हा छत नीट होणं भाग आहे. तुम्ही येऊन करता, की मी दुसऱ्याकडून करून घेऊ? मला तुम्ही घरी हवे आहात. हे एकदाच लिहिते, परत लिहिणार नाही.

कोकिळा

*

नेर, २९ सप्टेंबर

पांढरकवड्याच्या पाहुण्यांना,

तुमचं उत्तर नाही. ठीक आहे, नेरची खबर ऐका.

तुम्ही गेल्यापासून छताने जोर धरला आहे. पाऊस लांबला, आणि रोज सकाळी झाडलं की सूपभर चुरा निघतो. सुरभी आणि मी स्वयंपाकघरात जेवतो, तिथेच झोपतो. टीव्हीवर पोतं टाकलं आहे. बैठकीतून जायचं झालं तर भिंतीच्या कडेकडेने जातो.

मी रोशनला बोलावलं. तुमच्या हाताखाली शिकलेल्यांत तोच आता मोठी कामं घेतो. आला, चहा घेतला, वर पाहिलं आणि हात जोडले. "काकू, दुसरं काईबी सांगा. उस्तादाच्या कामावर त्यायच्या शब्दाबिगर आमी छन्नी चालवत नाही." मी म्हटलं, अरे, उस्ताद रुसून बसला आहे. तो म्हणाला, "मंग राग जाऊ द्या. आमी थांबतो." जसं काही छतही थांबणार आहे.

मग कळलं की नेरच्या मिस्त्र्यांत हा कायदाच आहे. ज्याच्याकडे शिकलो त्याचं काम तोडायचं तर पहिला घाव त्याने घालायचा, नाहीतर 'मार' म्हणून त्याने शब्द धाडायचा. आणि हा कायदा म्हणे तुम्हीच घालून दिला. नेरमधला एकेक मिस्त्री तुमच्या हाताखालचा, नाहीतर तुमच्या हाताखालच्याच्या हाताखालचा. सगळ्यांनी हात जोडले. कारंज्याकडचा एक जण तयार झाला होता. घर कोणाचं ते ऐकल्यावर त्याने विचारलं की रोशनभाऊला चालेल का, आणि परत आला नाही.

सुरभीने एका पीओपीवाल्याला बोलावलं. त्याने मोबाइलवर निळ्या दिव्यांची छतं दाखवली. आपली बैठक त्याने मोबाइलच्या दुकानासारखी करून दिली असती. म्हणाला, "काकू, खालून झाकून टाकू, वरचं कोणाले दिसत नाही." मी त्याला विचारलं, वरचं पडायचं थांबेल का? तो म्हणाला, पडेल, पण दिसणार नाही. त्याला वाटेला लावलं.

तेव्हा एवढंच करा. नंदाबाईंच्या फोनवरून रोशनला एक शब्द सांगा: मार. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नका, त्याच्याशी बोला. नंदाबाई, फोन त्यांच्या हातात द्या आणि समोर बसा. झोपले असतील तर उठवा.

कोकिळा

*

नेर, १४ ऑक्टोबर

हे पत्र तुमच्या एकट्यासाठी आहे. म्हणून सोबत चष्मा पाठवते आहे. रोशनचा भाऊ ट्रक घेऊन हैदराबादला चालला आहे, तो पांढरकवड्याला थांबून घरी आणून देईल. नंदाबाई, रागावू नका, तुम्ही जरा भाजीचं बघा.

तुम्ही 'मार' म्हटलं नाही. म्हणून पहिला घाव मी घातला.

रोशनला मी विचारलं की स्लॅब उस्तादाचा असेल, पण घर कोणाचं? चहाच्या टपरीवर त्या सगळ्यांची पंचायत बसली, आणि दुसऱ्या दिवशी तो येऊन म्हणाला, "घरच्या बाईनं सोता घाव घातला तं आमची ना नाही." बैठकीत दोन ड्रम उभे करून त्यावर फळी टाकली. ड्रम रोशनने धरले. मी साडी खोचून वर चढले. हातोडी तुमचीच, खाटेखालच्या पेटीतली. शेजारच्या वच्छलाबाई दारात उभं राहून "काय व कोकिळा, या वयात!" म्हणत होत्या. मी मारली. एक मारली, तर परातीएवढं प्लास्टर आलं. थोडं इकडे पडलं, थोडं तिकडे. अक्षर जरा वाकडं येतं आहे, ते पेनामुळे. नवीन आणायला सांगितलं आहे.

धूळ बसल्यावर वर पाहिलं, तर सिमेंटात पान होतं.

सागाचं, सुपाएवढं. देठ, शिरा, कडेला किड्याने खाल्लेली भोकं, सगळं उमटलेलं. त्याला लागून दुसरं, त्यावर तिसरं. मला वाटलं एवढी वर्षं माझ्या डोक्यावर नक्षी होती आणि मला माहीत नव्हतं. मी रोशनकडे पाहिलं. त्याला नवल वाटलेलंच नव्हतं. तो खाली बघायला लागला.

"हे काय आहे रे?"

"काकू, हे तं आमाले माईत हाय."

मग त्याने सांगितलं. तुमच्याकडे कोणीही शिकायला आला की पहिल्या दिवशी तुम्ही त्याला हेच सांगायचात म्हणे. मी माझ्या घरचा स्लॅब टाकला तेव्हा सेंट्रिंगच्या फळ्यांत फटी होत्या, वर अंथरायला पत्रे मिळाले नाहीत, म्हणून सागाची पानं अंथरली. पान गुळगुळीत, त्याखालचं सिमेंटही गुळगुळीत, त्यावर प्लास्टर धरत नाही. म्हणून छन्नीने बारीक टाचे मारल्याशिवाय कधी गिलावा लावायचा नाही, माझ्या घरावरून शिका. आणि शेवटी सांगायचात, "माह्या घरी बोलाचं नाही."

कोणी बोललं नाही. एवढी माणसं या छताखाली बसून माझ्या हातचा चहा पिऊन गेली. त्या सगळ्यांना माहीत होतं आणि मला नव्हतं. कायदा पाळणारी माणसं तयार केलीत खरी.

पण पानांचं जाऊ द्या. पानांनी मला काही केलं नाही. मला आठवलं ते दुसरंच. दर दोन-तीन वर्षांनी पावसाळा सरला की तुम्ही म्हणायचात, "थकली असशीन. जा, चार दिवस माहेरी जाऊन ये." मी दारव्ह्याला जायचे. परत यायचे तर बैठक पांढरीशुभ्र. तुम्ही म्हणायचात, रंग दिला. दारं लावून एकट्यानेच प्लास्टर चढवत होतात ना? टाचे मारले असते तर एकदाच काम झालं असतं, पण त्यासाठी सगळं उघडं पाडावं लागलं असतं, आणि पाहणाऱ्यांनी पाहिलं असतं.

मी काय सांगत फिरले माहीत आहे? अंगणवाडीतल्या सगळ्या बायकांना, तुमच्या बहिणीला, माझ्या भावजयीला सांगत होते की आमचे हे स्वतःहून माहेरी पाठवतात. मागावं लागत नाही. बाकीच्या बायका माझा हेवा करायच्या, आणि मला ते आवडायचं. आता कळलं की मला घराबाहेर काढायचं होतं. पान लपवलंत त्याचं मला काही नाही. माझं माहेरी जाणं का खोटं केलंत?

रोशनला काम थांबवायला सांगितलं आहे. अर्धं छत पडलं आहे, अर्धं लटकतं आहे. साक्षगंधाला या. सुरभीचे वडील म्हणून या, बसा, जेवा. त्यानंतर घरी राहायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मला सध्या काही म्हणायचं नाही.

को.

*

पांढरकवडा, २० ऑक्टोबर

वैनीले नंदाचा नमस्कार.

मी जशी बोलतो तशीच लिहितो, हसू नका. शाळा माही चौथीतच सुटली.

चष्मा भेटला. दादानं लावला. पत्र वाचाले बसला. पानापर्यंत आला अन् चष्मा काढून मले म्हणे, "नंदे, तूच वाच." म्हून मीच वाचलं, पुरं. भाजी पायली नाही, करपली. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशीबी अर्धीच भाकर खाल्ली.

वैनी, पहिलं हे सांगा का पेनाचं नाव कायले घेतलं? दादानं तुमचं अक्षर पायलं अन् म्हणे हे पेनाचं नाही, हे हाताचं हाय. लगेच रोशनले फोन लावाले सांगतला. तुमच्या खांद्यावर ढलपा पडला अन् हात गळ्यात बांधला हाय हे रोशननं सांगतलं. डाव्या हातानं लिहून राह्यल्या तुमी, अन् पेन बदलतो म्हणता!

आता जे तुमाले माईत नाही ते सांगतो. दादा सांगत नव्हता, मी म्हणलं मी सांगतो, मंग तो उठून बाहेर गेला.

पानं मी तोडून आणलते. मी अन् माही माय. मी तवा लहान होतो. दादा त्या साली दारव्ह्याले शाळेच्या इमारतीवर कामाले जाये. तिथं त्यानं तुमाले पायलं. घरी येऊन बाबाले म्हणे, करीन तं तेच पोरगी. बाबानं निरोप धाडला. तुमच्या बाबाचा उलटा निरोप आला, का पोरगी कवेलूच्या घरात देत नाही, स्लॅबचं घर असन तं पाहाले येतो. तवा नेरात स्लॅबचे घरं होतेच कुठं? दादा तं हाताखालचा मजूर, मिस्त्रीबी नव्हता झाला. त्यानं दोन दोस्त धरले अन् कोणाचंच न ऐकता आपलाच स्लॅब टाकला. पत्रे येनार होते ते आलेच नाही. आभाळ भरून आलतं, सिमेंट घरात येऊन पडलं होतं. माय म्हणे, पानं टाकू रे, पत्रावळी लावतो तशे. आमी लावले. दादाले ते आवडलंबी होतं तवा.

तुमचे बाबा आले त्याच्या आधल्या दिवशी त्यानं खालून प्लास्टर मारलं. तुमच्या बाबानं वर पायलं, काठीनं ठोकून पायलं, अन् हो म्हणले. लगन झालं. पह्यल्या पावसाळ्यानंतरच पोपडा सुटला. दादाचा जीव घाबरला, का हे समजलं तं बायको म्हणन, खोटं छत दाखवून मले आणलं. ते भेव तवापासून निघालंच नाही त्याच्या मनातून. आता सुरभीच्या पाहुण्यायच्या समोर तेच पडलं, अन् तुमी हासल्या. त्याले वाटलं, झालं, आता हिले समजलं.

थैली भरून ठेवली हाय त्यानं. रोज सकाळी उचलते अन् रोज ठेवते. मी म्हणलं जा ना. म्हणते, "ते काय म्हणन?" वैनी, तुमी काय म्हणसान ते लिहून धाडा. माह्या घरातली भाजी पुरत नाही आता.

तुमची नंदा

*

नेर, २७ ऑक्टोबर

अहो,

नंदाबाईंचं पत्र सुरभीने वाचून दाखवलं, आणि हे पत्र तिच्याकडून लिहून घेते आहे, म्हणजे पेनाचा विषय मिटला. काही गोष्टी मुलीसमोर सांगायच्या नसतात, पण आता उरलं काय आहे लपवायला?

शाळेच्या भिंतीवरचा मजूर मला माहीत होता. तुम्हाला काय वाटलं, खाली डबा खात बसलेल्या मुली वर बघत नाहीत? तुम्ही निळा सदरा घालून यायचात आणि विटा झेलताना उगाच जास्त उंच झेलायचात. एकदा एक वीट निसटली, तेव्हा आम्ही सगळ्या हसलो होतो. मला तर वाटलं होतं तेव्हापासूनच तुम्हाला माझं हसणं माहीत आहे.

स्लॅब बाबांना हवा होता. मला तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर कवेलूच्या घरातही आले असते. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही कधी विचारलं नाही, आणि आपणहून सांगायची आपल्याकडे पद्धत नव्हती. हे लिहिताना सुरभी हसते आहे. हसू दे.

पण राग गेलेला नाही. बाबांना फसवलंत ते मी समजू शकते. ते काठीने ठोकून जावई निवडत होते, त्यांना ते चाललं असतं. मला फसवायचं कारण लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच संपलं होतं. तरी तुम्ही पुढे इतकी वर्षं बंद दाराआड प्लास्टर लावत राहिलात. त्यातलं एखादं वर्ष तरी मला हाक मारायची होती.

तेव्हा असं करा. थैली उचला आणि या. छत तुमच्याच हाताने होईल, पण मी कुठेही जाणार नाही. दार उघडं राहील आणि मी त्याच खोलीत खुर्ची टाकून बसेन. चालत असेल तर या. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात अजून बांधून ठेवायला सांगितला आहे, म्हणून माल कालवायला मी नाही. चहा मिळेल.

कोकिळा
(आणि लिहिणारी सुरभी. बाबा, या ना!)

*

नेर, ९ नोव्हेंबर

प्रिय नंदाबाई,

तुमच्या भाजीचा त्रास संपला, माझा सुरू झाला. तुमचा भाऊ आला.

अंगणात थैली घेऊन उभा. आत यायचं नाव नाही. मी दारात, ते अंगणात, मध्ये रोशन आणि त्याचे दोन मिस्त्री ड्रमवर फळी ठेवून तयार. मी "या" म्हटलं. हे म्हणाले, "मी म्हणलो होतो, या छताखाली पाय ठेवणार नाही." आता याला काय करावं? एवढं झालं आणि शपथ आडवी आली. शेवटी सुरभी बाहेर गेली आणि म्हणाली, "बाबा, तुमी म्हणलं होतं ते छत तं अर्धं उकिरड्यावर गेलं. हे दुसरंच हाय." त्यांनी वाकून दारातून वर पाहिलं. मग म्हणाले, "हे बी खरं हाय," आणि आले.

आल्यावर आधी माझ्या हाताकडे पाहिलं. बोटं हलवून दाखव म्हणाले, मी दाखवली. मग सदरा काढून फळीवर चढले.

उरलेलं प्लास्टर त्यांनी एकट्याने पाडलं. रोशनला छन्नी दिली नाही. सगळं छत उघडं झालं तेव्हा, नंदाबाई, तुम्ही तोडलेली आणि तुमच्या आईने लावलेली पानं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पहिल्यांदा दिसली. तुमच्या आईने नीट लावली होती हो, देठ सगळे एका बाजूला. शेजारपाजारच्या बायका येऊन पाहून गेल्या. मिस्त्री मंडळी तर रांगेने आली. ऐकत आले होते, पाहिलं आत्ता. तुमचा भाऊ त्यांच्याकडे पाठ करून उभा होता. कोणी हसलं नाही. रोशनने वर बघून एवढंच म्हटलं, "उस्ताद, लेव्हल मात्र बराबर होती."

मग टाचे मारायला सुरुवात झाली. एकेका पानावर छन्नीने बारीक बारीक घाव. मी खुर्चीवर बसून बघत होते. धुळीने त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या. कोपऱ्यातल्या एका पानाशी ते थांबले. ते चांगलं उमटलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे एक ठेवू का?"

सुरभी "हो हो, ठेवा" म्हणाली. मी नाही म्हटलं. मी म्हटलं, टाचे मारल्याशिवाय प्लास्टर धरत नाही असं नेरच्या सगळ्या मिस्त्र्यांना शिकवता ना, मग मला कशाला वेगळं शिकवता? ते हसले, नंदाबाई. आल्यापासून पहिल्यांदा हसले. मग त्या पानावरही छन्नी चालवली.

प्लास्टर पुरं झालं. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारतात. बाहेर जातात तेव्हा मला मारायला सांगून जातात, एका हाताने मारता येतं. साक्षगंधाला तुम्ही दोन दिवस आधीच या. गुडघ्याचं निमित्त चालणार नाही, रोशनचा भाऊ परतीच्या ट्रकमधून पुढे बसवून आणेल. आणि एक विचारायचं आहे ते तुम्ही आल्यावरच विचारेन, कारण त्यांना विचारायला मला अजून धीर होत नाही. माहेरी पाठवायचे ते नुसतं छतासाठीच का? तुम्हाला ते कधी काही बोलले होते का?

तुमची वहिनी

*

दारव्हा, ४ डिसेंबर

अहो,

तुम्हाला पत्राची सवय लागली असेल म्हणून लिहिते. फोनवर तुम्ही नुसतं "हं, हं" करता.

हात आता वर जातो. साक्षगंधाचे फोटो भावजयीने, अमरच्या बायकोने, मोबाइलवर तीन-तीनदा पाहिले. मामा वर बघत बघत खुर्ची मागे सरकवताहेत तोही फोटो निघाला आहे. त्यानंतर तुम्ही उभे राहून सगळ्या पाहुण्यांना पानांची गोष्ट सांगितली, माझ्या बाबांच्या काठीसकट, त्याचा मात्र कोणी फोटो काढला नाही. मला तो हवा होता. मामा म्हणाले, "मंग आता बिनघोर बसतो," आणि खुर्ची परत पुढे घेतली, तेव्हा तुमचा चेहरा कसा झाला होता ते मी पाहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुरामुळे नव्हे. सगळ्या गोष्टी पेनावर आणि धुरावर ढकलायच्या नाहीत असं मी ठरवलं आहे.

नंदाबाईंना मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "मले नाही माईत, त्यालेच विचारा." मी विचारलं नाही. उत्तर काय येईल याची भीती वाटत होती.

मग परवा सकाळी पेपर घडी करून ठेवता ठेवता तुम्ही म्हणालात, "थकली असशीन. जा, चार दिवस माहेरी जाऊन ये." माझे डोळे आधी छताकडे गेले. तुम्ही ते पाहिलं. छतावर साधी केसाएवढी रेघ नव्हती. मी पिशवी भरली.

इथे आले तर अमर दारातच उभा. गोष्ट त्याने साक्षगंधाला ऐकलेली होती, म्हणून चेष्टेवर आला. "काय व ताई, यंदा काय पडलं?"

"काहीच नाही पडलं."

"मंग भाऊजींनं कायले धाडलं?"

मी म्हटलं, उगाच. त्यांनी उगाच धाडलं. हे सांगताना मी इतकी हसायला लागले की अमरची बायको हातातलं लाटणं घेऊन बाहेर आली आणि काय झालं, काय झालं म्हणून विचारत राहिली.

शनिवारी दुपारच्या बसने येते. स्टँडवर या.

तुमची,
कोकिळा